गाणं आठवतंय पण सापडत नाही, आणि सापडलं की क्लेम येतो: दोन्ही तक्रारींवर एकत्र उपाय

माझ्या सोलापूरच्या दुकानात दोन तक्रारी बारा महिने येतात. एक: "चाल डोक्यात घोळतीय, शब्द आठवत नाहीत, गाणं तेवढं शोधून द्या." दुसरी: "व्हिडिओवर कॉपीराइटचा क्लेम आलाय. मागं मिटवला होता, परत आलाय." लग्नाचे व्हिडिओ, मंडळांच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग आणि जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देणं हे माझं काम. त्यामुळं दोन्ही तक्रारी एकाच टेबलावर येतात, आणि बऱ्याचदा एकाच माणसाकडून येतात. आधी त्याला गाणं सापडत नसतं. सापडलं की तो ते व्हिडिओला लावून यूट्यूबवर टाकतो आणि आठवड्याभरात क्लेमचा, म्हणजे या गाण्यावर हक्क आमचा अशा दाव्याचा, मेल दाखवायला परत येतो.

दोन्हीकडं अडतं ते एकाच जागी. गाणं म्हणजे एक अखंड वस्तू असं धरून आपण शोधतो आणि भांडतोही तसंच. गाण्यात तीन गोष्टी असतात: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. तिन्हींचे हक्क वेगवेगळ्या लोकांकडं असू शकतात, आणि तिन्ही शोधायची साधनंही वेगळी आहेत. तुमच्या हातात यातलं नेमकं काय आहे, हे सगळ्यात आधी ठरवा.

शाझमला गाणं ओळखता येत नाही

शाझम हे वाजतं गाणं ऐकून नाव सांगणारं ॲप. ते रेकॉर्डिंग ओळखतं, चाल ओळखत नाही. कुठल्या क्षणी कुठली कंपनसंख्या सगळ्यात ठळक आहे, असे बिंदू ते निवडतं, त्यांच्या जोड्या लावतं आणि साठवलेल्या लाखो रेकॉर्डिंगच्या जोड्यांशी ताडून बघतं. ही पद्धत २००३ मध्ये एव्हरी वँग यांनी शोधनिबंधात मांडली आणि अजून मूळ कल्पना तीच आहे. म्हणून गर्दीच्या गोंगाटातही तेच रेकॉर्डिंग वाजत असेल तर शाझम ते काढतं. तुम्ही स्वतः कितीही सुरात गायलात तरी मात्र ते गप्प बसतं, कारण तुमच्या गळ्यातलं रेकॉर्डिंग त्याच्याकडं नसतं.

तोंडात चाल असेल तर गुगलच्या ॲपमध्ये माइक दाबून गाणं शोधायचा पर्याय निवडा आणि दहा-पंधरा सेकंद गुणगुणा. ही सोय २०२० च्या ऑक्टोबरात आली. ती आवाजाचा पोत आणि वाद्यं बाजूला ठेवून फक्त सुरांच्या चढउताराचा माग घेते. मुखडा गुणगुणा, मधल्या म्युझिकचा तुकडा नको. लय सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक ठेवा. शब्दांची खात्री नसेल तर नुसतं "ला ला" करा. चुकीचे शब्द बसवायच्या नादात माणूस चाल वाकवतो, असं मी सारखं बघतो.

तरीही मिळालं नाही तर सोलापूरकरांनी एक गोष्ट तपासायची. गाणं ज्या भाषेतलं वाटतंय, त्या भाषेतलं ते आहे का? आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत ऐकू येतात. अशोक चौकातल्या विणकरांच्या घरात तेलुगू गाणं वाजतं, शेजारी ते ऐकून पोर मोठं होतं आणि वीस वर्षांनी ते हिंदीतलंच होतं असं शपथेवर सांगतं. एक चाल तीन भाषांत फिरते, हे तर नेहमीचंच. करमाळ्याच्या नागराज मंजुळेंच्या "सैराट"मधलं "झिंगाट" २०१६ मध्ये मराठीत आलं. त्याच चाली २०१७ मध्ये कन्नड "मनसु मल्लिगे"मध्ये वाजल्या आणि २०१८ मध्ये "धडक"मुळं हिंदीत. तेलुगू "आर्या २"मधलं देवी श्री प्रसाद यांचं "रिंगा रिंगा" २००९ चं. त्याचीच चाल २०११ मध्ये "रेडी"त "ढिंका चिका" होऊन आली. तेव्हा हिंदीत शोधून थकलात की तीच चाल तेलुगूत आणि कन्नडमध्ये शोधा. घरात एखादी तेलुगू बोलणारी अक्का असेल तर आधी तिच्यासमोर गुणगुणा. अशी गाणी माझ्याकडं ॲपपेक्षा अशा माणसांनीच जास्त सोडवली आहेत.

शब्द आठवत असतील तर ते मुखड्यातले आहेत की अंतऱ्यातले, हे बघा. गाण्यांच्या याद्या मुखड्याच्या पहिल्या ओळीवर लावलेल्या असतात. हमराज यांच्या हिंदी फिल्म गीत कोशातही सिनेमाखाली गाण्याची पहिली ओळच दिलेली असते. अंतऱ्याची ओळ घेऊन अशा यादीत शोधणं म्हणजे वाया गेलेली दुपार. अंतरा आठवत असेल तर पूर्ण बोल देणाऱ्या संकेतस्थळांवर जा. मराठीसाठी "आठवणीतली गाणी" फार कामाचं आहे, तिथं गायक, संगीतकार, राग असं कुठूनही शिरता येतं. ओळ देवनागरीत टाका, मग रोमनमध्येही टाका, आणि ज्या शब्दाची शंका आहे तो सरळ गाळा.

कॅसेटवर ऐकलं म्हणून गाणं कॅसेटच्या काळातलं, असं धरू नका. पन्नास-साठच्या दशकातली गाणी ऐंशीनंतर कॅसेटवर पुन्हा निघाली.

कॅसेट समोर वाजतीय, तरी ओळखत नाही

ही अडचण सगळ्यात जास्त येते आणि तिचा उपायही सगळ्यात पक्का आहे, म्हणून जरा सविस्तर.

शाझमचे बिंदू कंपनसंख्येवर आणि वेळेवर बसवलेले असतात. टेप हळू फिरली तर दोन्ही एकदम सरकतात: आवाज खाली येतो आणि लय मंदावते. कानाला ते जाणवतही नाही, गाणं जरा जड वाटतं इतकंच. ॲपसाठी मात्र ते वेगळंच रेकॉर्डिंग होतं. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. जुन्या डेकचा पट्टा ढिला झाला, रोलरवर मळ बसला की तो वेग राहत नाही. दुसऱ्या टेपरेकॉर्डरवरून भरून घेतलेली कॅसेट असेल तर त्या मशिनचा दोषही तिच्यात उतरलेला असतो.

करायचं असं. कॅसेट लावण्याआधी टेपच्या पट्टीमागचा लहानसा फेल्टचा गादीसारखा तुकडा जागेवर आहे का ते बघा. तो निघाला असेल तर टेप हेडला नीट चिकटत नाही आणि आवाज आत-बाहेर होतो. मग कॅसेट शेवटपर्यंत पुढं नेऊन परत मागं आणा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. हेड आणि रोलर स्पिरिटनं पुसा. आता गाणं कॉम्प्युटरवर घ्या आणि ऑडॅसिटीत उघडा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात वेग बदलायचा इफेक्ट वापरा. लक्षात ठेवा, नुसता टेम्पो म्हणजे लय बदलणारा किंवा नुसता पिच म्हणजे सूर बदलणारा नको, दोन्ही एकदम बदलणारा हवा, कारण बिघाड दोन्हींत एकदम झालाय. आधी दोन टक्के वाढवून शाझमला ऐकवा, मग चार, मग सहा. साधारण सहा टक्के म्हणजे अर्धा सूर. तेवढ्यावर नाही ओळखलं तर उलट्या दिशेनं जा.

घरात पेटी असेल तर अंदाजानं टक्के वाढवायची गरज पडत नाही. गाण्याचा सा पेटीवर लावून बघा. तो दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी अडकत असेल तर वेग बिघडलेला आहे हे जवळजवळ नक्की, कारण मूळ रेकॉर्डिंगला साथ करणारी वाद्यं पट्टीत लावलेली असतात. जवळच्या पट्टीवर सा आणून बसवा आणि मग ॲपला द्या.

मिरवणुकीत किंवा गड्ड्याच्या जत्रेत मोबाईलवर घेतलेल्या तुकड्यालाही हाच उपाय लागू पडतो. डीजेवाले गाणी पळवून वाजवतात, त्यामुळं तिथं वेग कमी करत यायचं. आणि स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहून रेकॉर्ड करू नका. तिथं मोबाईलचा माइक फाटतो आणि फाटलेल्या आवाजातून कोणताच बिंदू सापडत नाही. रस्त्याच्या पलीकडून घ्या.

गाणं सापडलं, पण हे ते नाही

ॲप एक नाव देतं आणि माणूस म्हणतो, "हे नाही, तो तुकडा आहे यात, पण गाणं दुसरंच होतं." अशा वेळी माणूस बहुधा बरोबर असतो. त्यानं ऐकलेला तुकडा एका रेकॉर्डिंगमधून उचलून दुसऱ्यात बसवलेला असतो. याला सॅम्पल म्हणतात. ब्रिटनी स्पीअर्सच्या "टॉक्सिक"मधली ती धारदार व्हायोलिन "एक दूजे के लिए"तल्या लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यातून घेतलेली आहेत. कुठलं गाणं कुठून उचललं याची नोंद ठेवणारं "हूसॅम्पल्ड" नावाचं संकेतस्थळ आहे, तिथं दोन्ही बाजूंनी शोधता येतं. एकदा सॅम्पल आहे हे कळलं की पुढचा प्रश्न उभा राहतो: परवानगी होती का, आणि कुणाची?

इथं पुन्हा त्या तीन गोष्टी लागतात. चाल उचलणं आणि रेकॉर्डिंग उचलणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात राम संपत यांनी "क्रेझी ४"च्या गाण्यांविरुद्ध दाद मागितली, तेव्हा वाद चालीचा होता. मोबाईलच्या जाहिरातीसाठी त्यांनी केलेली धून गाण्यांत आली होती. दोन कोटी रुपयांवर ते प्रकरण मिटलं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या "ॲडिक्टिव्ह"मध्ये मात्र "ज्योती" सिनेमातलं "थोडा रेशम लगता है" लताबाईंच्या आवाजासकट वाजलं. ते रेकॉर्डिंगच होतं. बप्पी लाहिरींचं नाव टाकल्याशिवाय ती सीडी विकायची नाही, असा आदेश तिथल्या न्यायालयानं दिला.

दावा लावणाऱ्याकडं खरोखर हक्क आहे का, हेही विचारायचं असतं. "आराधना"तल्या "बागों में बहार है"चा सेकंदभराचा तुकडा अमेरिकी संगीतनिर्माते टिंबालँड यांच्या एका निर्मितीत आला म्हणून भारतीय कंपनीनं खटला भरला. २०११ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयात ती कंपनी हरली, कारण सिनेमाच्या निर्मात्याशी झालेल्या जुन्या करारात तिला मिळालेला हक्क ठरावीक मुदतीचाच निघाला. तुकडा छोटा की मोठा, याच्याआधी कागद बघितला गेला.

हलगी कुणाची?

मोठ्या नावांच्या खटल्यांपेक्षा मला जास्त लागतं ते आपल्याकडं चालतं ते. एका पोरानं लेझीमच्या सरावात मामाची हलगी मोबाईलवर घेतली आणि ओळखीच्यांना पाठवली. पुढच्या सणाला तीच हलगी एका डीजेच्या रिमिक्समध्ये, वर त्या डीजेचं नाव. पोरगा मामाला घेऊन दुकानात आला, डीजेही आला. डीजेचं म्हणणं: "हलगीचा ठेका काय कुणाच्या मालकीचा आहे का? मी माझ्या पोरांकडून वाजवून घेतला."

ठेका परंपरेचा, तो कुणाच्याच मालकीचा नाही, हे त्याचं बरोबर होतं. प्रश्न रेकॉर्डिंगचा होता, आणि रेकॉर्डिंग तपासता येतं. दोन्ही फाइली ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवल्या आणि लाटा मोठ्या करून ठोक्यांमधलं अंतर मोजलं. हातानं वाजवलेल्या हलगीत दोन ठोके घड्याळासारखे येत नाहीत. कुठं जरा आधी, कुठं जरा उशिरा. समजा मूळ रेकॉर्डिंगमध्ये अंतरं ०.४००, ०.३८० आणि ०.८२० सेकंद आहेत आणि रिमिक्समध्ये ०.३६४, ०.३४५ आणि ०.७४५. तिन्ही एकाच प्रमाणात आकसली आहेत. म्हणजे तेच वादन दहा टक्के पळवलंय. दुसऱ्या माणसानं तोच ठेका तितक्याच वेगानं वाजवला तर बेरीज जुळेल, पण एकेक अंतर असं ओळीनं जुळत नाही. शिवाय हलगी शेकून ताणलेली असते आणि थंड होत जाते तसा तिचा आवाज उतरतो. त्यामुळं दोन वेगळ्या वेळी वाजवलेल्या हलगीचा चढउतारही सारखा येत नाही.

मग मी रिमिक्सचा वेग मूळ गाठेपर्यंत कमी केला आणि दोन्ही एकदम लावले. मामांची काडी एका जागी कडेला घसरते आणि ठोका बोथट पडतो. त्याच्या लगेच मागून कुणीतरी "हां" म्हणतं. दोन्ही फाइलींत ठोका तिथंच घसरला आणि "हां"ही तिथंच आलं. डीजेनं पुढं काही वाद घातला नाही.

कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण अशा वादकांना हे कुणी सांगत नाही. कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. रेकॉर्डिंग झालं की हक्क निर्माण होतो. रेकॉर्डिंगचा हक्क ते करायला पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याचा, म्हणजे इथं भाच्याचा. आणि वाजवणाऱ्याचा स्वतंत्र हक्क असतो, तो ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वादक म्हणून आपलं नाव यावं, हा त्याचा हक्क कायद्यात स्पष्ट आला. मामांना बिदागी मिळाली आणि रिमिक्सवर नाव लागलं. ते मिळायलाच हवं होतं. पिढ्यान्‌पिढ्या वाजवणाऱ्यांची कला फुकटातली आहे असं धरून चालणारे लोक मला मुळीच पटत नाहीत.

तुमचंही असं वादन असेल तर मोबाईलमधली मूळ फाइल पुसू नका. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत दाबलेली असते, तिची तारीखही वेगळी पडते. मूळ फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. आणि डीजेवाल्यांसाठी: हलगी हवी असेल तर वादकाला बोलवा, पैसे द्या, रेकॉर्ड करा आणि साध्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. यानं भांडण तर टळतंच, आवाजही चांगला मिळतो.

क्लेम मिटवला तरी परत का येतो

यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा २००७ पासून चालू आहे. हक्कधारक आपल्या फाइली तिच्याकडं देतात आणि ती प्रत्येक व्हिडिओ त्यांच्याशी ताडते. क्लेम परत येण्याचं नेहमीचं कारण असं की पहिला क्लेम रेकॉर्डिंगवर होता आणि दुसरा चालीवर आहे. दावेदार दोन वेगळे, तुम्ही मिटवलाय एकच. क्लेमचा तपशील उघडून दावा कशावर आहे आणि कुणी केलाय ते वाचल्याशिवाय कुठलंही बटण दाबू नका.

क्लेम आणि स्ट्राइक यांत फरक आहे. क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडं जातात किंवा व्हिडिओ काही देशांत दिसत नाही. स्ट्राइक गंभीर, ९० दिवसांत तीन आल्या तर चॅनेल जाऊ शकतं. क्लेमवर हरकत घेतलीत तर दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. त्यानं दावा कायम ठेवला आणि तुम्ही अपील केलंत तर त्याला ७ दिवस मिळतात, आणि तेव्हा तो व्हिडिओ काढून टाकायला लावू शकतो. म्हणजे स्ट्राइक. म्हणून हक्क खरोखर तुमच्याकडं असेल तरच अपीलपर्यंत जा. कमाई चालू असेल तर हरकत पाच दिवसांच्या आत घ्या, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे पैसे निकाल लागेपर्यंत बाजूला राहतात.

सात सेकंद चालतात, तीस सेकंद चालतात, खाली नाव लिहिलं की चालतं, हे सगळं खोटं आहे. सेकंदांची अशी कुठलीही सूट भारतीय कायद्यात नाही.

भजनी मंडळांचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. तुकोबांचा अभंग गायला आणि क्लेम आला, हे त्यांना अन्यायाचं वाटतं. शब्दांवर कुणाचाच हक्क नाही, हे खरं. पण चाल कुठली लावली? पंढरीच्या वाटेवर परंपरेनं चालत आलेली असेल तर तीही मोकळी. तेव्हा हरकत घ्या आणि त्यात स्पष्ट लिहा की शब्द संतांचे, चाल पारंपरिक, गायन आणि वादन आमचं स्वतःचं. श्रीनिवास खळे यांनी बांधलेली चाल असेल तर गोष्ट बदलते. संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०७१ संपेपर्यंत संरक्षित आहेत. रेकॉर्डिंगची मुदत वेगळी मोजतात: प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६० च्या रेकॉर्डिंगची मुदत भारतात २०२० च्या शेवटी संपली. पण त्यातल्या चालीची आणि शब्दांची मुदत संपली असेलच असं नाही, आणि दुसऱ्या देशांत तेच रेकॉर्डिंग अजून बंद असू शकतं.

लग्नवाल्यांची तक्रार शेवटची. "वरातीत वाजवलं तेव्हा कुणी अडवलं नाही, मग व्हिडिओला का?" वरातीत आणि लग्नाच्या समारंभात गाणं वाजवायला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. ती त्या समारंभापुरती. तोच आवाज व्हिडिओत घेऊन सगळ्या जगासाठी टाकणं त्यात बसत नाही. यासाठी मी गिऱ्हाइकाला दोन फाइली देतो. घरच्यांच्या पेनड्राइव्हवर वरातीचा खरा आवाज, गाण्यासकट. यूट्यूबवर टाकायच्या फाइलीत गाणं खाली घेऊन सनई-चौघड्याचं आम्ही वादकांकडून लेखी परवानगीनं रेकॉर्ड केलेलं वादन. व्हिडिओ आधीच टाकलेला असेल तर यूट्यूब स्टुडिओत तेवढा भाग कापायची, गाणं बदलायची किंवा नुसतं गाणं बंद करायची सोय आहे. आधी गाणं बंद करून बघा. मंगलाष्टकांवर डीजे चढलेला नसेल तर बोलणं बहुतेक शाबूत राहतं.